न दिसणाऱ्या पाण्याची पाळी



गारगोटीच्या व्यासपीठावर उभे राहून विहिरीच्या पाण्याच्या मर्यादेविषयी बोलणे हे थोडेसे धाडसाचे काम आहे, याची जाणीव आम्हांला आहे. पश्चिमेला पाटगावच्या बाजूस वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथे वेदगंगेवर धरण आहे, खाली जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. नदीकाठाने उसाचे मळे हिरवेगार उभे आहेत. अशा ठिकाणी येऊन एखाद्याने पाणी मोजा, पाणी राखा असे सांगावे, म्हणजे जेवून तृप्त झालेल्या माणसाला उपासाचे महत्त्व पटवून देण्यासारखेच. तरीही आम्ही हाच विषय मुद्दाम निवडला. कारण पाण्याला शिस्त लावण्याची विद्या या जिल्ह्याला जितकी अवगत आहे तितकी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. ती विद्या नदीपुरतीच राहिली आणि विहिरीपर्यंत पोचली नाही, ही आमची तक्रार आहे. तीच आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

आपल्या नित्याच्या अनुभवापासूनच सुरुवात करू. पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बरगे घातले जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ते काढले जातात. धरणातून पाणी सुटते ते ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे. उन्हाळा कडक झाला की पाटबंधारे खात्याची उपसाबंदी जाहीर होते : इतके दिवस उपसा चालू, इतके दिवस बंद. त्यावर कुरकूर होते, कोणी रात्री चोरून मोटार चालू करतो, भांडणेही होतात. पण उपसाबंदी मुळातच अन्याय आहे, असे म्हणणारा शेतकरी आम्हांला या जिल्ह्यात अद्याप भेटलेला नाही. नदी सर्वांची आहे, वरच्याने सगळे उपसले तर खालच्याला चिखल उरेल, हे प्रत्येकाला डोळ्यांनी दिसते. सहकारी पाणीपुरवठा संस्थांचेही असेच आहे. पाळी ठरलेली, पाटकरी ठरलेला, पाणीपट्टी ठरलेली. राधानगरीच्या धरणाची कल्पना शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केली, तेव्हापासून चार पिढ्या या शिस्तीत वाढल्या आहेत.

आता त्याच शेतकऱ्याची विहीर पाहा. विहीर माझ्या बांधाच्या आत, मोटार माझी, बोअर माझे. मी किती उपसावे हे विचारणारा दुसरा कोण? इथे पाळी नाही, पाटकरी नाही, बंदी नाही. दिसणाऱ्या पाण्याला आपण नियम लावला आणि न दिसणाऱ्या पाण्याला मोकळे सोडले. आणि महाराष्ट्राच्या सिंचनाचा मोठा वाटा तर या न दिसणाऱ्या पाण्यावरच चालतो.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आमचे घर तासगाव तालुक्याच्या पूर्व भागातले. तिकडे पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलीमीटर, तोही लहरी. आमच्या आजोबांनी चाळीस फूट विहीर हातांनी खणली आणि त्यांच्या काळी तिच्यावर मोट चालत असे. मोटेच्या पाण्याला एक नैसर्गिक मर्यादा होती : बैल दमले की उपसा थांबे, आणि रात्रभर विहीर पुन्हा भरून येई. १९७२ च्या दुष्काळात आम्ही सुरुंग लावून ती आणखी खोल केली. मग वीज आली. वीज दमत नाही. मग द्राक्षबाग आली. तिने पैसा दिला आणि तहानही दिली. विहिरीत आडवी बोअरे मारली, ती पुरेनात म्हणून उभे बोअर घेतले : प्रथम दोनशे फूट, मग तीनशे, मग पाचशे. ज्या दिवशी पाणी लागले त्या दिवशी आम्ही पेढे वाटले.

आमच्या बांधापलीकडे एका वृद्ध विधवा बाईंचे एकरभर रान होते. गाव त्यांना आक्का म्हणे. त्यांच्या जुन्या विहिरीवर थोडी शाळू आणि भाजीपाला होई, त्यावरच त्यांचा संसार चाले. आमच्या बोअरला पाणी लागले त्याच्या पुढच्या फाल्गुनात आक्कांची विहीर आटली. त्या भांडायला आल्या नाहीत. पेढे घ्यायला मात्र आल्या होत्या, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "पोरांनो, ह्ये पाणी आलं कुठनं?" आम्ही मोठ्या रुबाबात म्हणालो, "खालनं आलं, आक्का." त्या म्हणाल्या, "खालनं म्हंजी माज्याच हिरीखालनं की रं." त्या वेळी आम्ही हसलो. पुढे २००३ च्या दुष्काळात आमचे पाचशे फुटांचे बोअरही फुफाटा ओकू लागले. टँकरने पाणी आणून बाग जगविण्याचा प्रयत्न केला, कर्ज झाले, आणि शेवटी बागेला कुऱ्हाड लावावी लागली. तेव्हा आक्कांच्या वाक्यातले भूशास्त्र आम्हांला कळले. त्या मात्र तेव्हा हयात नव्हत्या.

ते भूशास्त्र थोडे समजून घेऊ. महाराष्ट्राच्या पाचांतला चार भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनलेला. लोकांची समजूत अशी असते की, जमिनीखाली पाण्याच्या नद्या वाहतात, तळी आहेत, आणि बोअर नशिबाने त्यांना लागले की पाणी अखंड. तसे काही नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि सच्छिद्र थरांत. आणि राहते तरी किती? अशा भिजलेल्या खडकातून मोकळे होऊन विहिरीत उतरते ते त्याच्या आकारमानाच्या शंभरात एक ते तीन भाग. मध्यम आकडा दोन धरू. मग एका एकराखालचा एक मीटर जाडीचा भिजलेला थर आपल्याला सुमारे ऐंशी हजार लिटर पाणी देतो. आणि त्या एकराला पाच सेंटीमीटरची एक पाळी द्यायची तर लागतात सुमारे दोन लाख लिटर. म्हणजे एक पाळी दिली की स्वतःच्या रानाखालची पातळी अडीच मीटर खाली जाते! शेतकरी म्हणतो, माझ्या विहिरीला तर रोज पाणी येते. येते खरे, पण ते शेजारच्या रानाखालून येते. बांध जमिनीवर असतो, खडकात नसतो.

आता जमेची बाजू पाहू. कठीण खडकाच्या मुलखात पडलेल्या पावसापैकी शंभरात आठ-दहा भाग खाली मुरतात, बाकीचे वाहून जातात किंवा वाफ होतात. आमच्याकडचा साडेपाचशे मिलीमीटर पाऊस धरला तर एका एकरावर वर्षाकाठी मुरणारे पाणी होते सव्वादोन लाख लिटरच्या आसपास. सगळ्या वर्षाच्या पावसाची पुंजी, आणि ती एका पाळीएवढी! हरभऱ्याला दोन पाण्यांची गरज असेल तर दोन एकरांची पुंजी लागते. शाळूला तीन पाण्यांची असेल तर तीन एकरांची. आणि ऊस? पावसाळ्याचे पाणी वगळून उसाला पाटाने दीड मीटर उंचीचे पाणी दिले, तर एका एकराला साठ लाख लिटर लागतात. त्याचा हिशेब सत्तावीस एकरांच्या पुंजीचा येतो. त्यातले थोडे पुन्हा मुरून परत येते, बांधबंदिस्ती केली तर मुरण्याचे प्रमाण वाढते, हे सर्व मान्य. सत्तावीसच्या जागी वीस धरा, पंधरा धरा. तरीही विहिरीवर ऊस लावणारा माणूस नकळत पंधरा शेजाऱ्यांच्या ताटातले वाढून घेत असतो, हे नाकारता येणार नाही. आम्हीही द्राक्षबागेच्या रूपाने तेच करीत होतो.

आपण म्हणाल, हे पूर्वेकडच्या कोरड्या मुलखाचे गणित झाले. आमच्याकडे पावसाची ददात नाही. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. खडकाचे भांडे पाऊस पाहून मोठे होत नाही. दहा मीटरचा थर पूर्ण भिजला तरी त्यात मोकळे होणारे पाणी एकरी आठ लाख लिटरच. ते भांडे या घाटमाथ्यावर आषाढातच भरते आणि पुढचा सारा पाऊस वरून सांडून वेदगंगेला मिळतो. शिवाय जमीन उताराची. भरलेले भांडेही हळूहळू झऱ्यांवाटे रिकामे होत राहते. म्हणूनच ज्या डोंगरवाडीवर श्रावणात उंबऱ्यात पाणी येते, तिथेच चैत्र-वैशाखात बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठी उतार उतरावा लागतो. पाऊस दहापट असला तरी खडकाची कणगी दहापट होत नाही. अशा वाडीच्या झऱ्याच्या वरच्या अंगाला कोणी खोल बोअर मारून दिवसरात्र उपसू लागला, तर झरा आटण्यास दहा वर्षे लागणार नाहीत.

मग काळ्या पाषाणाचा मुलूख सोडून सपाटीवरच्या गाळाच्या जमिनीत तरी सुख आहे काय? महाराष्ट्रात तसा प्रदेश म्हणजे तापी आणि पूर्णेचे खोरे. जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर-यावलचा पट्टा पाहा. तिथे शेकडो फूट जाडीचा गाळ आहे, त्यात पाणी आमच्या खडकापेक्षा कितीतरी अधिक मावते. तिथल्या केळीने देशभर नाव मिळविले. पण भांडे मोठे म्हणून उपसाही मोठा झाला. नलिकाविहिरी वर्षानुवर्षे खोल खोल जात राहिल्या, आणि भूजलाच्या सरकारी अहवालांत हेच तालुके अतिशोषित म्हणून नोंदले गेले. संत्र्याच्या वरूड भागाची कथाही वेगळी नाही. मोठ्या भांड्याने संकट टळत नाही, फक्त पुढच्या पिढीवर जाते. आमच्या तासगावात जे वीस वर्षांत घडले ते तिथे चाळीस वर्षांत घडले, एवढाच फरक.

या प्रश्नावर कायदा काय म्हणतो, हेही थोडक्यात पाहिले पाहिजे. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यात इंग्रजांनी असे तत्त्व घातले की, ठरीव प्रवाहातून न वाहणारे आपल्या जमिनीखालचे पाणी काढून घेण्याचा हक्क जमिनीच्या मालकाला आहे. तेव्हा मोट होती, म्हणून ते तत्त्व खपून गेले. पाणबुडी मोटारीच्या युगात तेच तत्त्व ज्याचा नळ खोल त्याचे पाणी, असे झाले. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी राहिली. १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आला. २००९ चा भूजल विकास व व्यवस्थापनाचा कायदा अधिक व्यापक आहे. तो २०१४ पासून अंमलात आला. साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवरचे निर्बंध, पिकांची आखणी भूजलाच्या वापराशी जोडण्याची तरतूद, पाणलोटाच्या पातळीवर समित्या, हे सर्व त्यात आहे. कायदा चांगला आहे. पण बोअरची गाडी रात्री दहाला गावात शिरते आणि पहाटे पाचला निघून जाते, तेव्हा कायदा कुठे असतो? लाखो विहिरींवर पहारा ठेवील एवढे खाते कोणत्याच सरकारला पोसता येणार नाही. शिवाय २०२४ मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत केली. त्यात शेतकऱ्याला दिलासा आहे, हे आम्ही शेतकरी असल्यामुळे जाणतो. पण उपशाला पैशाचा जो शेवटचा लगाम होता तोही त्यामुळे सुटला, हेही कबूल केले पाहिजे. लगाम बाहेरून येणार नसेल तर तो आतून, गावातूनच यावा लागेल.

असा लगाम गावाने स्वतः घातल्याची उदाहरणे आपल्याच महाराष्ट्रात आहेत. पुण्याचे अभियंते आणि कारखानदार विलासराव साळुंखे हे १९७२ चा दुष्काळ पाहून पुरंदर तालुक्यात गेले. नायगावला त्यांनी देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन करायला घेतली, पाणी अडविले, मुरविले, आणि त्या अनुभवातून १९७४ पासून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. तिचे नियम ऐकण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, तर घरातल्या माणसांच्या प्रमाणात : माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. आणि ज्याला जमीनच नाही त्या भूमिहीनालाही पाण्यात वाटा. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी स्वतः उभा करायचा. या नियमांत जमीन आणि पाणी यांची जुनी गाठ सोडविली आहे, आणि तेच त्यांचे मोठेपण आहे.

दुसरे उदाहरण नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे. चारशे मिलीमीटरच्या आसपास पावसाचे हे गाव. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या सुमारास गावाने डोंगरावर चर खणले, झाडे राखली, चराई आणि कुऱ्हाड बंद केली. एवढे तर पुष्कळ गावांनी केले आहे. हिवरे बाजारने पुढचे पाऊल टाकले. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, असा ठराव केला आणि तो पाळला. ऊस आणि केळी यांसारखी तहानलेली पिके टाळली. पाऊस संपला की ग्रामसभेत वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा : पाऊस किती झाला, मुरले किती, माणसांना किती, जनावरांना किती, उरले किती, आणि उरले त्याप्रमाणे रब्बीला काय पेरायचे ते ठरवायचे. जलसंधारणाची कामे पाणी आणतात. ते पाणी टिकते मात्र ठरावामुळे. ज्या गावांनी फक्त बंधारे बांधले आणि ठराव केला नाही, तिथे वाढलेल्या पाण्यावर वाढलेला ऊस आला आणि पाच वर्षांत गाव पुन्हा टँकरच्या यादीत गेले. अशी गावे आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत.

आणि हा प्रश्न केवळ गरीब देशांचा आहे असेही समजू नये. अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण मैदानांखाली ओगलाला नावाचा प्रचंड जलधर आहे. त्याच्या पाण्यावर मक्याची शेती इतकी वाढली की कित्येक ठिकाणी तो जलधर तळ गाठू लागला. तिथल्या कॅन्सस राज्यात शेरिडन परगण्याच्या एका भागातील शेतकऱ्यांनी स्वतः पुढाकार घेऊन, २०१२ च्या कायद्याचा आधार घेत, २०१३ पासून स्वतःवर मर्यादा घालून घेतली : पाच वर्षांत मिळून पंचावन्न इंच पाणी, त्याहून अधिक नाही. दरवर्षी अकरा इंच असे त्यांनी ठरविले नाही. कोरड्या वर्षी थोडे जास्त घ्या, ओल्या वर्षी वाचवा, पण पाच वर्षांचा हिशेब जुळला पाहिजे. प्रत्येक विहिरीवर मापक होता. पाच वर्षांनंतर आढळले असे की, त्यांनी ठरविल्यापेक्षाही कमी पाणी वापरले आणि शेतीचा नफा मात्र कोसळला नाही, कारण पाण्याबरोबर खताचा आणि विजेचा खर्चही कमी झाला. त्यांनी मुदत आपणहून वाढवून घेतली. आपल्याकडे आंध्र प्रदेशातील अवर्षणग्रस्त जिल्ह्यांत या शतकाच्या पहिल्या दशकात शेतकऱ्यांनीच पर्जन्यमापक आणि विहिरीची पातळी मोजण्याचे काम हाती घेतले होते. तिथे सक्ती नव्हती. मोजलेला आकडा चावडीवर लागला एवढ्यानेच पुष्कळांनी भाताऐवजी कमी पाण्याची पिके घेतली.

इथे एक उलटे उदाहरणही सांगितले पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे एकांगी होईल. याच कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेला, शिरोळच्या सपाट काळ्या रानात, संकट पाणी कमी होण्याचे नाही. ते जास्त होण्याचे आहे. नदीचे पाणी आणून वर्षानुवर्षे उसाला पाटाने सोडले, निचऱ्याची सोय केली नाही, त्यामुळे भूजल वर चढले आणि क्षार पृष्ठभागावर आले. हजारो एकर जमीन क्षारपड झाली. तिथल्या सहकारी साखर कारखान्याने आणि शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून निचरा करण्याचे आणि ती जमीन पुन्हा पिकाखाली आणण्याचे चांगले काम केले आहे. म्हणजे भूजलाला मर्यादा दोन्हीकडून आहे : खालूनही आणि वरूनही. दोन्ही ठिकाणी चूक मात्र एकच. जमिनीखाली काय चालले आहे हे कोणी मोजलेच नाही.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण घरी जाताना आपल्या मनात ते असणारच. पहिला आक्षेप ठिबक सिंचनाचा. ठिबक बसविले की प्रश्न मिटला, असे पुष्कळांना वाटते. ठिबकने एकरी पाणी बरेच वाचते, यात शंका नाही. पण वाचलेल्या पाण्यावर त्याच माणसाने आणखी दोन एकर ऊस लावला, तर खडकातून निघणारे पाणी तेवढेच राहते, किंबहुना वाढते. ठिबक हे साधन आहे. मर्यादा ठरलेली असेल तरच ते मर्यादेत राहण्यास मदत करते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो लहान शेतकऱ्याचा आहे. तो म्हणतो : ज्यांनी आधीच दहा बोअरे घेतली त्यांनी बागा केल्या, बंगले बांधले, आता आम्ही एक घ्यायला निघालो तर तुम्ही बंदी घालता. ही मर्यादा म्हणजे चोराला माल देऊन सावाच्या तोंडावर दार लावणे झाले. बंधूंनो, या आक्षेपाला आमच्यापाशी पळवाट नाही, आणि ती आम्ही शोधतही नाही. आज जो जितके उपसतो तितका त्याचा हक्क, असे धरून मर्यादा घातली तर ती अन्यायाला कायम करणारी ठरेल, आणि अन्यायी नियम गाव मोडून टाकील, मोडलेच पाहिजे. म्हणून मर्यादेआधी वाटणी ठरली पाहिजे. आमच्या मते ती अशी असावी : प्रथम माणसांचे आणि जनावरांचे पाणी. मग प्रत्येक घराला, जमीन असो वा नसो, ठरीव रानापुरता सारखा वाटा. भूमिहीनाने तो वाट्याने दुसऱ्याच्या रानात वापरावा. त्यानंतर जे उरेल ते जमिनीच्या प्रमाणात. ज्याच्याकडे दहा बोअरे आहेत त्याने त्यांतील पाणी शेजाऱ्याला पाळीने द्यावे, आणि शेजाऱ्याने त्याच्या खर्चाचा भाग उचलावा. नवे बोअर घेण्यापेक्षा जुने वाटून घेणे स्वस्त पडते. असे केल्यास मोठ्या शेतकऱ्याला झळ लागेल. आमच्यासारख्यांनाही ती लागली असती. पण आज थोडी झळ सोसली नाही तर उद्या कुऱ्हाड लावावी लागते, हे आम्ही स्वतःच्या बागेवरून सांगतो.

तिसरा आक्षेप असा की, हे मोजायचे कोणी आणि कसे? त्याला मोठ्या यंत्राची गरज नाही. एक दोरी, तिला फुटाफुटावर गाठी, आणि खाली वजन. शासनाची यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, पण तिच्या वाट्याला एखाद्या गावातील एखादीच विहीर येते. गावाने आपल्या शिवारातील उंचावरच्या, मधल्या आणि सखल अशा दहा विहिरी निवडाव्यात आणि दर महिन्याला मोजाव्यात. हे काम शाळेतल्या मुलांनी करावे असे आम्ही सुचवू. या गारगोटीत १९५२ साली डॉ. जे. पी. नाईकांनी मौनी विद्यापीठ उभारले, तेव्हा शिक्षणाने खेड्याचे जीवन बदलावे ही दृष्टी त्यामागे होती. मुलाने आपल्या बापाच्या विहिरीची पातळी आलेखावर काढणे, यापेक्षा अधिक जिवंत भूगोल तो कोणता? दसरा-दिवाळीच्या सुमारास, रब्बीच्या पेरणीपूर्वी, तो आलेख ग्रामसभेपुढे यावा आणि गावाने आपली पेरणी त्यावरून ठरवावी. डोंगरवाड्यांनी आपल्या झऱ्याच्या वरच्या अंगाचा भाग राखून ठेवावा आणि तिथे बोअर होऊ देऊ नये. नदीकाठच्या गावांनी ऊस नदीच्या पाण्यापुरता ठेवावा, विहिरीच्या पाण्यावर वाढवू नये. एवढ्या तीन गोष्टी ज्या गावाने केल्या त्या गावाला कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. उलट कायदाच त्याच्याकडे शिकायला येईल.

हे सर्व भूदरगडातच आधी का व्हावे? आमच्या तासगावने मर्यादेचा विचार केला तो पाणी संपल्यावर. तेव्हा वाटायला काही उरले नव्हते. उरले होते ते कर्ज आणि एकमेकांवरचा राग. रिकाम्या ताटावर वाटणी होत नाही. आपल्याकडे अजून ताट भरलेले आहे आणि उपसाबंदीचा नियम मानण्याची सवयही आहे. ज्या हातांनी बंधाऱ्याला बरगे घालता आणि काढता, त्याच हातांनी विहिरीच्या मोटारीचे बटण वेळेवर बंद करावयाचे आहे. नदीच्या बाबतीत खालच्या गावाची तहान आपल्याला दिसते. विहिरीच्या बाबतीत ती शेजाऱ्याची असते आणि ती मुकी असते, एवढाच फरक आहे.

आक्कांचे ते एकरभर रान पुढे आम्हीच विकत घेतले. त्यांची विहीर अजून तशीच आहे, तळाला बाभूळ उगवली आहे. अलीकडे त्या भागात उपसा योजनेचे पाणी आल्यावर आसपासच्या विहिरींना पुन्हा पाझर फुटला. आम्ही भावांनी बसून ठरविले की, आक्कांच्या विहिरीवर मोटार बसवायची नाही. तिच्यात दोरी सोडून दर अमावास्येला पातळी मोजायची, आणि ती जितकी खाली जाईल त्या मानाने आमच्या बोअरचे तास कमी करायचे. गेली काही वर्षे आम्ही हे करीत आहोत. पीक कमी आले नाही. एका घराने केल्याने शिवार वाचत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून तर इतक्या लांब येऊन आपल्यापुढे उभे राहिलो. ज्या विहिरीला आम्ही कोरडे पाडले तिलाच आता आमचा पाटकरी नेमले आहे. आपल्या गावातही अशी एखादी विहीर असेल. ती कोणाची आहे हे आपल्याला ठाऊक असेल. उद्या सकाळी तिच्यात दोरी सोडून पाहा, एवढीच आमची विनंती आहे.